आशीर्वादाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा : उत्पत्तीच्या पुस्तकातील पितृआशीर्वादाचे चिकित्सक वाचन

सारांश

आई-वडिलांच्या व धर्मगुरूंच्या आशीर्वादात विशेष सामर्थ्य असते, ही श्रद्धा ख्रिस्ती परंपरेत प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. या श्रद्धेचा प्रमुख शास्त्राधार म्हणून उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाक, याकोब व एसाव यांची कथा सांगितली जाते. प्रस्तुत निबंधात या कथेचे आणि तिच्याशी संबंधित उताऱ्यांचे चिकित्सक वाचन केले आहे. पित्याच्या शब्दाला स्वयंभू शक्ती असते, असे ही कथा सांगत नाही. आशीर्वाद देणारा मनुष्य स्वतः मर्यादित असून त्याच्या हातून होणारी कृती त्याच्या मालकीची नसते, हेच ती दाखवून देते, असे येथील प्रतिपादन आहे. या निष्कर्षाच्या प्रकाशात आशीर्वादाच्या काही आधुनिक उपयोजनांचेही परीक्षण केले आहे.

बीजसंज्ञा : आशीर्वाद, शाप, पितृसत्ता, याजकत्व, कृतिवाचक विधान, जुना करार, नवा करार.

१. प्रस्तावना

आशीर्वाद ही संकल्पना जगातील बहुतेक धर्मपरंपरांत आढळते. वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे आणि त्यांनी मस्तकावर हात ठेवणे हा भारतीय कुटुंबजीवनाचा नित्याचा भाग आहे. ख्रिस्ती धर्मात या संकल्पनेला स्वतंत्र शास्त्राधार, स्वतंत्र विधी आणि स्वतंत्र तात्त्विक चर्चा लाभलेली आहे. उपासनेच्या अखेरीस धर्मगुरू मंडळीला आशीर्वाद देतो. नाताळ व पुनरुत्थानाच्या सणाला पोप नगराला व जगाला आशीर्वाद देतात. विवाहाला निघालेल्या मुलामुलींना आई-वडील आशीर्वाद देतात. या सर्व प्रसंगी उच्चारलेल्या शब्दाने काहीतरी घडते, अशी उपस्थितांची धारणा असते.

परंतु नेमके काय घडते? हे सामर्थ्य कोणाचे असते? पित्याने आशीर्वाद नाकारला तर अपत्याचे अकल्याण होते काय? धर्मगुरूचा आशीर्वाद सामान्य श्रद्धावंताच्या आशीर्वादापेक्षा अधिक फलदायी असतो काय? हे प्रश्न केवळ पांडित्याचे नाहीत. मनाविरुद्ध विवाह करणाऱ्या मुलीला 'तुला आमचा आशीर्वाद नाही' असे जेव्हा सांगितले जाते, किंवा एखादा प्रवचनकार देणगीच्या मोबदल्यात समृद्धीच्या आशीर्वादाची हमी देतो, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे माणसांच्या आयुष्यावर परिणाम करतात. म्हणून ज्या संहितेचा आधार घेऊन ही श्रद्धा उभी राहिली, ती संहिता प्रत्यक्षात काय सांगते हे तपासणे आवश्यक ठरते.

२. शब्दविचार

मराठीतील 'आशीर्वाद' हा शब्द संस्कृत 'आशिस्' आणि 'वाद' यांपासून सिद्ध झाला आहे. 'आशिस्' म्हणजे शुभेच्छा, इष्टाची प्रार्थना. संस्कृत व्याकरणात या अर्थासाठी आशीर्लिङ् हे क्रियापदाचे स्वतंत्र रूपच आहे. म्हणजे मराठी शब्दाच्या मुळाशी इच्छेचा उच्चार आहे.

हिब्रू भाषेतील 'बाराक' या धातूची व्याप्ती याहून वेगळी आहे. देव मनुष्याला आशीर्वाद देतो, मनुष्य मनुष्याला आशीर्वाद देतो आणि मनुष्य देवालाही 'आशीर्वाद' देतो. या तिन्ही ठिकाणी एकच धातू वापरला जातो. मराठीत तिसरा प्रयोग शक्य नाही. लहानाने मोठ्याला आशीर्वाद द्यावा, ही कल्पनाच मराठी कानाला विपरीत वाटते. त्यामुळे स्तोत्रसंहितेत जेथे भक्त देवाच्या संदर्भात हा धातू वापरतो, तेथे मराठी अनुवादक 'धन्यवाद' किंवा 'स्तुती' असे शब्द योजतात. अनुवाद म्हणून हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेआड होते. मूळ भाषेत आशीर्वाद हा केवळ वरून खाली वाहणारा प्रवाह नसून तो दोन पक्षांतील नात्याला शब्दरूप देणारा व्यवहार आहे. ग्रीक 'युलोगिया' आणि लॅटिन 'बेनेडिक्टिओ' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'चांगले बोलणे' असा आहे. वडीलकीची श्रेणी या शब्दांत मुळातच गृहीत धरलेली नाही.

३. इसहाकाचा आशीर्वाद : कथेची रचना

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील कथा सर्वपरिचित आहे. वृद्ध व अंध झालेला इसहाक थोरल्या एसावाला शिकार करून रुचकर अन्न आणण्यास सांगतो. ते खाऊन तो त्याला आशीर्वाद देणार असतो. रिबका हे ऐकते व धाकट्या याकोबाला पुढे करते. करडांचे मांस शिजवले जाते, याकोबाच्या हातांवर व मानेवर करडांची कातडी बांधली जाते, एसावाची वस्त्रे त्याला घातली जातात. आवाज याकोबाचा पण हात एसावाचे, असा इसहाकाचा संभ्रम होतो. तरीही वस्त्रांच्या वासाने त्याची खात्री पटते व तो आशीर्वाद देतो. थोड्याच वेळात एसाव परततो. सत्य कळताच इसहाकाला तीव्र कंप सुटतो. परंतु ज्याला आशीर्वाद मिळाला तो आशीर्वादितच राहील, असे तो म्हणतो (२७:३३). एसावाचा आक्रोश हा या अध्यायातील सर्वांत हृदयद्रावक क्षण होय.

लोकप्रिय वाचनात या कथेचा अर्थ सरळ लावला जातो : पित्याचा शब्द एकदा बाहेर पडला की तो परत घेता येत नाही, म्हणून त्यात अद्भुत सामर्थ्य आहे. मात्र कथेतील काही तपशील या वाचनाला आव्हान देतात.

पहिला तपशील असा की, मुले गर्भात असतानाच थोरला धाकट्याची सेवा करील, असे रिबकेला देववचन मिळालेले आहे (२५:२३). इसहाकाचा आशीर्वाद त्यानंतरचा आहे. दुसरीकडे, इसहाकाचे एसावावर प्रेम का होते याचे कारण निवेदक आधीच देऊन ठेवतो : त्याला शिकारीचे मांस आवडत असे (२५:२८). म्हणजे पित्याची निवड ईश्वरी संकेतावर नव्हे, तर जिभेच्या आवडीवर आधारलेली आहे. आशीर्वाद देणाऱ्याचे अंधत्व हे केवळ डोळ्यांचे नाही, असे निवेदक सुचवीत आहे.

दुसरा तपशील आशीर्वादाच्या शब्दांतील आहे. आकाशाचे दहिवर, भूमीची सुपीकता, धान्य व द्राक्षारस या गोष्टी देवाने द्याव्यात, अशी इसहाकाची इच्छा आहे (२७:२८). येथे दाता देव आहे आणि क्रियापदाचे रूप इच्छार्थक आहे. पण एसावाशी बोलताना इसहाकाची भाषा बदलते. याकोबाला धनी आपण केले, धान्य व द्राक्षारस आपण पुरवला, अशा प्रथमपुरुषी भाषेत तो बोलतो (२७:३७). अवघ्या काही ओळींत दात्याचे स्थान देवाकडून पित्याकडे सरकलेले दिसते. पुढच्याच अध्यायात तो याकोबाला जाणीवपूर्वक निरोपाचा आशीर्वाद देतो, तेव्हा मात्र सर्वसमर्थ देवाने तुला आशीर्वाद द्यावा, या मूळ रूपाकडे तो परत येतो (२८:३). कपटाने मिळवलेला पहिला आशीर्वाद आणि डोळसपणे दिलेला दुसरा आशीर्वाद यांतील हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. अब्राहामाच्या वचनाचा उल्लेख दुसऱ्या आशीर्वादातच येतो, पहिल्यात नाही.

तिसरा तपशील आशीर्वादाच्या परिणामासंबंधी आहे. भाऊ तुला नमन करतील, असे इसहाक म्हणाला होता. प्रत्यक्षात वीस वर्षांनी दोघे भेटतात तेव्हा याकोबच एसावाला सात वेळा भूमीपर्यंत नमन करतो, त्याला 'स्वामी' म्हणतो व स्वतःस 'दास' म्हणवतो (अध्याय ३३). त्या भेटीत याकोब आपण आणलेले पशू भावाला देऊ करताना आधी 'नजराणा' या अर्थाचा शब्द वापरतो. पण आग्रह करताना तो शब्द बदलून 'बेराखा' म्हणजेच 'आशीर्वाद' हा शब्द योजतो (३३:११). अनुवादात तेथे सहसा 'भेट' असा अर्थ दिला जातो. मूळ शब्द ध्यानात घेतला तर असे दिसते की, जे हिरावून घेतले ते याकोब शब्दशः परत करू पाहत आहे. आशीर्वाद कपटाने मिळवता येतो, पण तो भावाशी समेट होईपर्यंत सुखाने भोगता येत नाही, असे या रचनेतून सूचित होते.

या दोन प्रसंगांच्या मध्ये यब्बोकच्या काठची झुंज येते. तेथे याकोब आशीर्वाद मागतो आणि त्याला नाव विचारले जाते. अंध पित्याने 'तू कोण?' असे विचारले तेव्हा त्याने 'एसाव' असे उत्तर दिले होते. आता तो 'याकोब' असे खरे उत्तर देतो व त्यानंतरच त्याला आशीर्वाद मिळतो (अध्याय ३२). त्या आशीर्वादासह त्याला लंगडेपणही मिळते.

रिबकेच्या वाट्याला आलेले मौनही लक्षणीय आहे. शाप लागलाच तर तो माझ्यावर येवो, असे ती मुलाला म्हणाली होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून तिने ज्याला दूर धाडले, तो मुलगा तिला पुन्हा भेटल्याचे कथेत कोठेही सांगितलेले नाही. तिच्या दाईच्या मृत्यूची नोंद आहे. तिच्या स्वतःच्या मृत्यूचे वर्णन मात्र नाही, केवळ दफनस्थळाचा उल्लेख पुढे येतो.

४. शब्दशक्ती की सामाजिक संकेत?

आशीर्वाद मागे का घेता येत नाही, या प्रश्नाने विसाव्या शतकातील अभ्यासकांना गुंतवून ठेवले. डॅनिश अभ्यासक योहानेस पेडरसन यांनी प्राचीन इस्राएलाच्या समाजजीवनावरील आपल्या ग्रंथात आशीर्वाद ही आत्म्यात वसणारी जीवनशक्ती मानली. पित्याकडून पुत्राकडे ही शक्ती प्रत्यक्ष संक्रमित होते, अशी त्यांची मांडणी होती. गेरहार्ड फॉन राड यांनीही प्राचीन माणसाच्या दृष्टीने शब्द आणि वस्तू यांत आजच्यासारखी फारकत नव्हती, या मताला बळ दिले.

या मताची सर्वांत परिणामकारक चिकित्सा अँथनी थिसेल्टन यांनी १९७४ साली केली. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत मांडलेली व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कृतिवाचक विधानांची संकल्पना त्यांनी येथे लागू केली. काही विधाने वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच कृती असते. विवाहाची शपथ किंवा नामकरण ही त्याची उदाहरणे होत. अशा विधानांचे बळ शब्दाच्या गूढ शक्तीत नसून समाजमान्य संकेतात असते. आशीर्वाद देण्याचा संकेत होता. तो परत घेण्याचा संकेत नव्हता, म्हणून इसहाकाला तो परत घेता आला नाही, असे थिसेल्टन यांचे स्पष्टीकरण आहे.

हे स्पष्टीकरण पेडरसन यांच्या मतापेक्षा अधिक संयत आहे. एक शंका मात्र उरते. ऑस्टिन यांच्याच कसोटीनुसार कृतिवाचक विधान योग्य व्यक्तीच्या बाबतीत उच्चारले जावे लागते. व्यक्तीच चुकली तर ती कृती फसली असे मानावे लागेल. मग फसवणुकीने घेतलेला आशीर्वाद वैध कसा? या शंकेचे उत्तर कथेतच शोधता येते. दोनच अध्यायांनंतर लाबान राहेलीऐवजी लेआ याकोबाला देतो. सकाळी फसवणूक उघड होते, तरीही तो विवाह रद्द होत नाही. अंधाराचा लाभ घेऊन धाकट्याने थोरल्याची जागा घेतली होती. आता अंधाराचाच लाभ घेऊन थोरलीला धाकटीच्या जागी ठेवले जाते. या समाजात विधिपूर्वक झालेली कृती फसवणुकीनंतरही टिकते, हे दोन्ही प्रसंगांतून स्पष्ट होते. तिची किंमत फसवणाऱ्यास पुढे मोजावी लागते, हेही तितकेच स्पष्ट होते.

क्लाउस वेस्टरमान यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात वेगळी दिशा दाखवली. देवाचे तारणकार्य प्रसंगविशेषी घडते, तर आशीर्वाद हे त्याचे वाढ, सुफलता व दैनंदिन पोषण यांतून चालणारे अखंड कार्य आहे, असा भेद त्यांनी केला. या भेदामुळे आशीर्वादाचा विचार 'एका क्षणी उच्चारलेला शब्द' या चौकटीतून बाहेर पडतो. याकोबाच्या जीवनात आशीर्वाद घडतो तो तंबूतील त्या एका क्षणात नव्हे, तर वीस वर्षांच्या कष्टांत, मुलाबाळांत आणि अखेरीस भावाच्या आलिंगनात.

ख्रिस्ती व्याख्यापरंपरेने मात्र या कथेतील नैतिक अडचण पुष्कळदा टाळली. याकोबाची कृती असत्य नसून गूढ संकेत होय, अशी भूमिका संत ऑगस्टीन यांनी घेतली. या रूपकात्मक वाचनाने कथेचे पावित्र्य राखले. परंतु एसावाच्या अश्रूंना त्यात फारसे स्थान उरले नाही. इब्री लोकांस पत्रात एसावाचे अश्रू विलंबित पश्चात्तापाचे उदाहरण ठरतात (१२:१७). उत्पत्तीचा निवेदक मात्र त्या अश्रूंकडे सहानुभूतीने पाहतो आणि पुढे क्षमा करणारा भाऊ म्हणून एसावालाच उभे करतो.

५. आडवे हात आणि लेवीचा वंश

अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात याकोब स्वतः वृद्ध झाला आहे व त्याचीही दृष्टी मंदावली आहे. योसेफ आपल्या दोन मुलांना त्याच्यापुढे अशा रीतीने उभे करतो की, उजवा हात थोरल्या मनश्शेवर यावा. याकोब हात आडवे करून उजवा हात धाकट्या एफ्राईमवर ठेवतो. योसेफाला हे रुचत नाही; पण आपण जाणूनबुजून असे करीत आहोत, असे याकोब सांगतो. इसहाकाच्या प्रसंगाची ही उघड प्रतिकृती आहे. फरक इतकाच की, येथे फसवणूक नाही. दोन्ही ठिकाणी ज्येष्ठत्वाचा संकेत मोडला जातो. आशीर्वाद ही पितृसत्तेची संस्था असूनही कथा त्या संस्थेचा मुख्य नियम, म्हणजे थोरल्याचा अधिकार, वारंवार उलटवते.

एकोणपन्नासाव्या अध्यायातील मरणोन्मुख याकोबाची वचने 'आशीर्वाद' म्हणून ओळखली जातात. परंतु रऊबेन, शिमोन व लेवी यांच्या वाट्याला कठोर निर्भर्त्सना येते. शिमोन व लेवी यांच्या क्रोधाला शाप देऊन, त्यांना इस्राएलात विखरून टाकीन, असे याकोब म्हणतो. पित्याच्या शब्दाला अटळ सामर्थ्य आहे, या मताची खरी परीक्षा येथे होते. पुढील इतिहासात लेवीचा वंश खरोखरच विखुरला जातो. त्याला स्वतंत्र प्रांत मिळत नाही. पण त्याच वंशाकडे याजकत्व येते, आणि परमेश्वराच्या नावाने लोकांना आशीर्वाद देणे हे त्याचे नेमलेले कार्य ठरते (अनुवाद १०:८). ज्याला पित्याकडून शाप मिळाला त्याचेच वंशज सर्व राष्ट्राला आशीर्वाद देणारे होतात. पित्याचा शब्द बाह्यतः खरा ठरतो, परंतु त्याचा अर्थ पूर्णपणे पालटतो. पालकांचा शाप पिढ्यान्‌पिढ्या अकल्याणच करतो, असे मानणाऱ्यांनी लेवीच्या या उदाहरणाचा विचार करावयास हवा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. अब्राहामाने इसहाकाला आशीर्वाद दिल्याचा प्रसंग उत्पत्तीत नाही. अब्राहामाने त्याला आपले सर्वस्व दिले. पण आशीर्वाद दिला तो अब्राहामाच्या मृत्यूनंतर प्रत्यक्ष देवाने (२५:११). पित्याचा आशीर्वाद हे ईश्वरी कृपेचे एक माध्यम आहे, एकमेव माध्यम नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

६. धर्मगुरूचा आशीर्वाद

याजकीय आशीर्वादाचे प्रमाणभूत रूप गणनेच्या सहाव्या अध्यायात आढळते. हिब्रू संहितेत या आशीर्वादाच्या तीन ओळींत अनुक्रमे तीन, पाच व सात शब्द आहेत. ओळींगणिक आशीर्वाद विस्तारत जातो. या वचनाची प्राचीनता पुरातत्त्वानेही सिद्ध केली आहे. १९७९ साली गाब्रिएल बार्काय यांना जेरुसलेमजवळील केतेफ हिन्नोम येथील थडग्यात दोन लहान चांदीच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर या आशीर्वादातील शब्द कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्या शतकाच्या आरंभी त्या घडवल्या गेल्या, असे सामान्यतः मानले जाते. मृताच्या सोबत त्या ठेवल्या गेल्या, यावरून आशीर्वादाला रक्षक ताइताचे स्वरूप तेव्हाही दिले जात असावे, असे अनुमान करता येते.

परंतु संहितेचा भर ताइतावर नाही. आशीर्वादाचे शब्द संपल्यावर जोडलेले वचन निर्णायक आहे : याजकांनी इस्राएलावर देवाचे नाव ठेवावे, आणि आशीर्वाद देव स्वतः देईल (६:२७). उच्चार याजकाचा, कर्तृत्व देवाचे, अशी ही स्पष्ट विभागणी आहे. बलामाच्या आख्यानात (गणना २२–२४) हाच विचार उपरोधाने मांडला आहे. मोबदला देऊन शाप विकत घेण्याचा बालाक राजाचा प्रयत्न फसतो. बलामाच्या मुखातून पुनःपुन्हा आशीर्वादच निघतो. आध्यात्मिक शब्द हा विक्रेय माल नाही, असा या आख्यानाचा आशय आहे.

पहिल्या शमुवेलातील एली याजकाचे चित्रण या दृष्टीने मार्मिक आहे. मूकपणे प्रार्थना करणाऱ्या हन्नेला तो प्रथम मद्यपी समजतो. तिने दुःख सांगितल्यावर तिला शांतीने जा असे म्हणून आशीर्वाद देतो, आणि तिची इच्छा पूर्ण होते. याच एलीची स्वतःची मुले दुराचारी आहेत व तो त्यांना आवरू शकत नाही. आशीर्वाद देणाऱ्याची गुणवत्ता आणि आशीर्वादाचे फल यांचा यांत्रिक संबंध येथे जोडलेला नाही.

७. नव्या करारातील परिवर्तन

श्रेष्ठाकडून कनिष्ठाला आशीर्वाद मिळतो, हे तत्त्व इब्री लोकांस पत्रात निर्विवाद म्हणून मांडले आहे (७:७). मलकीसदेकाचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी लेखकाने त्याचा उपयोग केला आहे. मात्र जुन्या करारातच याला अपवाद आहे : निर्वासित म्हणून मिसरात आलेला याकोब फारोसारख्या सम्राटाला आशीर्वाद देतो (उत्पत्ति ४७). लौकिक श्रेणी आणि आशीर्वादाची श्रेणी नेहमी एक नसते.

नव्या करारात येशू बालकांना कवेत घेऊन, त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. अडथळा आणतात ते शिष्यच (मार्क १०). स्वर्गारोहणाच्या वेळी तो हात उचलून आशीर्वाद देत असतानाच शिष्यांपासून वेगळा होतो (लूक २४). पण सर्वांत मोठा बदल आज्ञेच्या रूपात येतो. शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, ही लूकच्या शुभवर्तमानातील शिकवण पौल व पेत्र यांच्या पत्रांतही पुन्हा येते. आशीर्वाद देणे हे आता पिता व याजक यांचेच विशेषाधिकार राहत नाही. ते प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य ठरते, आणि तेही शत्रूच्या बाबतीत.

चर्चच्या इतिहासात हे दोन्ही प्रवाह सोबत वाहिले. मार्टिन ल्यूथर यांच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत कुटुंबप्रमुखाला घरातील सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेची जबाबदारी दिलेली आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आशीर्वादांची गणना संस्कारांमध्ये न करता संस्कारसदृश विधींमध्ये करतो आणि बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला आशीर्वाद देण्याचे पाचारण असल्याचे मान्य करतो; काही आशीर्वाद मात्र धर्मगुरूंसाठीच राखलेले असतात. सिराखच्या ग्रंथात पित्याच्या आशीर्वादाने मुलांची घरे स्थिरावतात व मातेच्या शापाने त्यांचा पाया उखडतो, अशा आशयाचे वचन आहे (३:९). कॅथलिक बायबलमध्ये हा ग्रंथ समाविष्ट आहे. प्रॉटेस्टंट परंपरा त्याला प्रमाणग्रंथ मानत नाही. पालकांच्या आशीर्वादाविषयी दोन्ही परंपरांत आढळणाऱ्या भिन्न भराचे हे एक कारण मानता येईल.

१३ मार्च २०१३ रोजी निवडून आलेल्या पोप फ्रान्सिस यांनी जमावाला आशीर्वाद देण्यापूर्वी, लोकांनी आपल्यासाठी देवाकडे आशीर्वाद मागावा, अशी विनंती करून मस्तक लववले. या एका कृतीत आशीर्वादाची परस्परता दृश्यमान झाली. त्यांच्याच कारकिर्दीत, १८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्राने विधिबद्ध आशीर्वाद आणि साधा पालकीय आशीर्वाद यांत भेद केला. समलिंगी जोडप्यांनाही दुसऱ्या प्रकारचा आशीर्वाद देता येईल, मात्र त्यामुळे त्या संबंधाला मान्यता मिळत नाही, असे त्यात म्हटले होते. आफ्रिकेतील बिशपांनी जानेवारी २०२४ मध्ये त्यास असहमती दर्शवली. या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : आशीर्वाद म्हणजे संमती की कृपेची याचना? पालकांच्या आशीर्वादाबाबत घरोघरी उद्भवणारा प्रश्नही हाच आहे.

८. आधुनिक उपयोजनांची चिकित्सा

गॅरी स्मॉली व जॉन ट्रेंट यांच्या १९८६ मधील पुस्तकाने पालकांचा आशीर्वाद ही संकल्पना अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांत लोकप्रिय केली. अर्थपूर्ण स्पर्श, उच्चारलेला संदेश, अपत्याला मोठे मोल देणे, त्याच्यासाठी उज्ज्वल भविष्य चितारणे आणि ते साकार होण्यासाठी सक्रिय बांधिलकी, असे आशीर्वादाचे पाच घटक त्यांनी इसहाकाच्या कथेतून काढले. बालसंगोपनाच्या दृष्टीने हे विवेचन उपयुक्त आहे. विशेषतः पाचवा घटक आशीर्वादाला केवळ शब्दापुरता मर्यादित ठेवत नाही, हे त्याचे बलस्थान होय. परंतु ज्या कथेतून ही पद्धती काढली तीत स्पर्श कातड्याचा आहे, संदेश चुकीच्या मुलाला आहे आणि भविष्याचे चित्र एका भावाला दुसऱ्याच्या पायाशी आणणारे आहे. कथेतील शोकात्म अंश वगळून केवळ तंत्र घेतले, तर पालकांचे अंधत्व चर्चेबाहेर राहते.

डेरेक प्रिन्स यांच्या १९९० मधील ग्रंथातून प्रसृत झालेली पिढीजात शापांची शिकवण अधिक समस्याग्रस्त आहे. आजार, दारिद्र्य, वंध्यत्व यांचे मूळ पूर्वजांच्या शापात शोधण्याची वृत्ती तिने वाढीस लागते. वडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबावेत, ही म्हण इस्राएलात पुन्हा चालणार नाही, असे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात निःसंदिग्धपणे बजावलेले असताना ही शिकवण दुःखिताच्या दुःखावर दोषाचे ओझे चढवते. समृद्धीच्या सुवार्तेतील देणगीच्या बदल्यात आशीर्वाद हा व्यवहार तर बालाकाच्या प्रस्तावाहून वेगळा नाही.

९. कोकण व महाराष्ट्रातील संदर्भ

गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत सायंकाळच्या रोजरीनंतर मुलांनी वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव' मागण्याची प्रथा आहे. हा शब्द पोर्तुगीजमधून आलेला आहे. परंतु त्यामागील शिष्टाचारात येथील वडीलकीची जाणीव सहज मिसळलेली आहे. विवाहासाठी घरातून चर्चकडे निघताना वधू-वरांनी आई-वडिलांचा बेसांव घेणे हा त्या समारंभाचा महत्त्वाचा भाग असतो. येथे आशीर्वाद मागितला जातो, लादला जात नाही. रोज मागितल्यामुळे तो एखाद्या निर्णायक प्रसंगी अडवून धरण्याचे शस्त्र बनण्याची शक्यताही कमी होते.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट परंपरेचा अनुभव निराळा आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या पहिल्या पिढीतील अनेकांना घराण्याची छाया गमवावी लागली. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्रात त्या स्थित्यंतराची कहाणी आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यामुळे घडलेली ताटातूट लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात अजरामर झाली. पालकांचा आशीर्वाद हीच कृपेची अनिवार्य वाट असती, तर या माणसांना नव्या धर्मात स्थानच उरले नसते. आई-वडिलांनी सोडले तरी परमेश्वर जवळ करतो, हा सत्ताविसाव्या स्तोत्रातील विश्वास त्यांच्या बाबतीत अलंकार नव्हता. तो जगण्याचा आधार होता. मराठी ख्रिस्ती समाजाचा आरंभच अशा प्रकारे पितृआशीर्वादाच्या अभावातून झाला, ही बाब या समाजातील आजच्या पालकांनीही स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, बायबलमधील आशीर्वादाचे सामर्थ्य हे प्रदत्त आहे, स्वयंभू नाही. पिता किंवा याजक उच्चार करतो. दाता देव असतो. इसहाकाच्या भाषेत दात्याचे स्थान बदलते तेथेच कथेतील शोकांतिका तीव्र होते.

दोन, आशीर्वादाची अटळता ही शब्दाच्या गूढ शक्तीची नसून विधिपूर्वक केलेल्या कृतीची आहे. तरीही तिचा अर्थ काळाच्या ओघात पालटू शकतो, हे लेवीच्या वंशाच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

तीन, आशीर्वाद नाकारण्याचा अधिकार मनुष्याला असला, तरी कृपा अडवण्याचा अधिकार त्याला नाही. त्यामुळे अपत्याच्या विवाह, व्यवसाय वा श्रद्धाविषयक निर्णयावर दबाव आणण्यासाठी आशीर्वादाचा उपयोग करणे या परंपरेशी विसंगत ठरते. धर्मगुरूने मोबदल्यासाठी आशीर्वादाची हमी देणे हेही तितकेच विसंगत होय.

चार, या चिकित्सेने आशीर्वादाचे मोल कमी होत नाही. आपल्या शब्दाचे आपण स्वामी नाही, हे ओळखून आई-वडील जेव्हा मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात, तेव्हा त्या कृतीत प्रेमासोबत नम्रताही उतरते. एसावाने पित्याजवळ रडून मागितले ते राज्य नव्हते. आपल्यासाठीही काही शिल्लक आहे का, एवढेच तो विचारीत होता. इसहाकाला त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी प्रत्येक पिढीतील पालकांवर व धर्मगुरूंवर राहते.